शर्यतीतून उतरलेल्या घोड्याचे तोंड

पावसाळ्यात पुण्यास आणि हिवाळ्यात मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर ज्यांच्या धावण्यावर लोक पैसे लावतात, त्या थरोब्रेड घोड्यांची शर्यतीची कारकीर्द बहुधा ऐन तारुण्यातच आटोपते; आणि पुढे ज्यांच्या नशिबी रपेटीच्या शाळेतील किंवा एखाद्या हौशी स्वाराच्या पागेतील चाकरी येते, त्यांच्याविषयी नव्या धन्याची पहिली तक्रार ठरलेली असते, ती ही की, घोडा तोंडाने कडक आहे, लगाम ओढावा तितका तो अधिकच पळतो. त्यावर पिळाच्या अथवा साखळीच्या कडियाळीची, म्हणजे लगामाच्या तोंडात बसणाऱ्या दांडीची, तजवीज तत्काळ सुचविली जाते. ही समजूत जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफन यानेही गुळगुळीत आणि खडबडीत अशा दोन कडियाळ्या बाळगण्यास सांगितले होते. तरीही निवृत्त घोड्याच्या बाबतीत हा इलाज मला रोगाहून वाईट वाटतो.

कारण लगामाचा ताण म्हणजे थांबण्याचा हुकूम, हे या प्राण्याला फारसे कोणी शिकविलेलेच नसते. जॉकी लगामाच्या दोन्ही वाद्या एकीवर एक दुमडून मानेवर टेकवितो आणि त्या स्थिर आधारावर रेलून, मान लांबवून, घोडा भरधाव सुटतो. दाब द्यावा आणि अपेक्षित प्रतिसाद मिळताच तो काढून घ्यावा, हे अश्वशिक्षणाचे मूलतत्त्व. परंतु ज्या तोंडावरील दाब प्रतिसादानंतरही सुटत नाही, त्यास त्या दाबाची सवय जडते, आणि मग वाढविलेल्या दाबाने वेदना तेवढी वाढते, आकलन वाढत नाही.

कडियाळी बसते ती पुढचे दात आणि दाढा यांच्यामधील दंतहीन जागेत. तेथे खालच्या जबड्याच्या हाडाची कड धारदार असून तिच्यावरील आवरण आपल्या नडगीवरच्या कातडीसारखे पातळ असते. शिवाय मिटलेले तोंड जिभेनेच भरलेले असल्यामुळे धातूला जागा मिळते ती जीभ दाबूनच. हिलरी क्लेटन आणि सहकाऱ्याने 1984 साली प्रसिद्ध केलेल्या क्ष-किरणांच्या चलच्चित्रणात सांध्याच्या कडियाळीची तोंडातील हालचाल प्रत्यक्ष पाहण्यात आली. जीभ मागे ओढून कडियाळी दाढांत पकडणारा घोडा हट्टी म्हणून बदनाम होतो, पण तो केवळ दाबातून पळवाट काढीत असतो. फिनलंडमध्ये दुडक्या चालीच्या शर्यतीनंतर 261 घोड्यांची तोंडे तपासली, तेव्हा 84 टक्क्यांच्या तोंडात कडियाळीच्या जागी ताज्या इजा आढळल्या. ही पाहणी 2019 साली प्रसिद्ध झाली.

म्हणून खरेदीपूर्वी अश्ववैद्याकडून दातांचा दाखला घ्यावा. दुधाचे दात पडून कायमचे येण्याची उलथापालथ साधारण अडीच ते साडेचार वर्षांच्या दरम्यान चालते, म्हणजे नेमक्या शर्यतीच्या दिवसांत. दाढांपुढचा खुंटासारखा निरुपयोगी दात राहून गेला असेल, तर कितीही मऊ कडियाळी त्यावर आपटणारच.

निवडीच्या वेळी जाड ती सौम्य, हा ढोबळ हिशेब चालत नाही. बारीक दांडीने दाब एका रेषेत एकवटतो हे खरे. पण थरोब्रेडचे तोंड लहान, जीभ भरदार आणि टाळू उथळ असेल, तर जाड दांडी तोंड मिटूच देत नाही. एका सांध्याची कडियाळी दोन्ही वाद्या ओढताच मधोमध दुमडते. दोन सांधे आणि मध्ये चपटा मणी असलेली जिभेवर अधिक सपाट बसते. सैल कड्यांची कडियाळी हलती राहिल्याने रेलण्यास पक्का आधार मिळत नाही. ज्याला वळण्याचेच फारसे ज्ञान नाही, त्याला दोन्ही गालांशी उभ्या दांड्या असलेली कडियाळी दिशा दाखविते. रबराची कडियाळी कोरड्या तोंडात ओठाला चिकटते, एवढे ध्यानात ठेवावे. रुंदी अशी असावी की, ओठांच्या दोन्ही बाजूंस सुमारे अर्धा सेंटीमीटर दांडी मोकळी दिसावी.

नव्या कडियाळीने पहिले काही दिवस केवळ चालीवरच काम घ्यावे, आणि घोडा थांबला त्याच क्षणी हात सैल करावा. रपेट आटोपल्यावर मोतद्दाराने ओठांचे कोपरे आतून उलटून पाहण्याचा शिरस्ता ठेवावा. लाली एकाच बाजूस आढळली, तर नवी कडियाळी आणण्यापूर्वी त्या बाजूची दाढ आणि स्वाराचा त्या बाजूचा हात, दोन्ही तपासावेत.