व्हिसेरा काय सांगतो?

फवारणी करताना कुणी शेतात कोसळून दगावलं की पोलीस ठाण्यात मर्ग (आकस्मिक मृत्यूची नोंद) दाखल होतो, शवविच्छेदन होतं आणि अहवालावर शेरा पडतो: ‘व्हिसेरा राखून ठेवला’. वऱ्हाडातले असे नमुने तपासायला अमरावतीत प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे.

व्हिसेरा म्हणून जठर व त्यातला ऐवज, लहान आतड्याचा भाग, यकृत आणि दोन्ही मूत्रपिंडांचे अर्धे तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. रक्त वेगळं, सोडियम फ्लोराइड घालून. द्रावणाचा नमुनाही सोबत जातो. विष त्यातूनच आलं, अशी शंका उरायला नको.

२०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. अकोला जिल्ह्यातही मृत्यू झाले. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमावं लागलं. या माणसांनी विष प्यायलं नव्हतं; ते श्वासातून आणि घामेजल्या कातडीतून अंगात भिनलं. अशा वेळी जठरात जवळपास काहीच सापडत नाही. मग विचारायचं रक्ताला: ऑर्गेनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं कोलिनेस्टरेज या विकराला जखडतात आणि त्याची क्रियाशीलता घसरते. ही चाचणी न करता नुसत्या ‘विष आढळले नाही’ या ओळीवर फाईल बंद करणं म्हणजे घरच्यांवर दुसरा अन्याय.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशिममध्ये मोनोक्रोटोफॉससह पाच कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी घातली.