मगनवाडीतली पिंजण

नालवाडीहून वर्ध्याच्या मगनवाडीला जायला वेळ तो कितीसा लागतो? तरीही तिथल्या मगन संग्रहालयात मी नीट हिंडलो तो वयाची पन्नाशी उलटल्यावर, तेही नातवाने हट्ट धरला म्हणून. घराजवळचे पाहायचे राहूनच जाते.

आत शिरताच नातवाने विचारले, "दादा, इथं तलवार कुठंय?"

त्याचे चुकले नव्हते. संग्रहालय म्हटले की आमच्या भागातल्या माणसाला नागपूरचा अजब बंगला आठवतो. १८६३ साली सुरू झालेल्या त्या संग्रहालयात जुन्या मूर्ती आहेत, शस्त्रे आहेत, पेंढा भरलेले प्राणी आहेत. मगन संग्रहालयात तलवार नाही. इथे चरखे आहेत, टकळ्या आहेत, सूत आणि खादी आहे. शिवाय घाणी, हातकागद, कुंभारकाम अशा ग्रामोद्योगांची ओळख आहे. राजाने वापरलेली वस्तू शोधू जाल तर निराश व्हाल. पण तुमच्या आजीने वापरलेली वस्तू मात्र हमखास सापडेल.

हे असे का, ते समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी त्यासाठी आपली बाग आणि बंगला दिला. साबरमती आश्रमाचा भार वाहणारे, खादीशास्त्र घडवणारे मगनलाल गांधी १९२८ मध्ये वारले होते. त्यांच्या नावाने ही जागा मगनवाडी झाली. अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा संघाचे काम पाहत. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते संग्रहालयाचे उद्घाटन झाले. नवलाईच्या वस्तू पाहून लोकांनी घरी जावे, हा हेतूच नव्हता. पाहणाऱ्याने हत्यार समजून घ्यावे, त्यात सुधारणा करावी आणि त्यावर पोट भरावे, असा तो विचार होता.

म्हणून इथले चरखे एका रांगेत समजून घ्यावेत. प्रत्येक चरखा म्हणजे आधीच्या चरख्याला विचारलेला प्रश्न आहे. प्रवासात नेता येईल का? त्याचे उत्तर म्हणजे १९३० मध्ये तुरुंगात आकाराला आलेला, पेटीत मिटणारा येरवडा चरखा. पायाने चाक फिरवून दोन्ही हातांनी सूत काढता येईल का? त्यातून मगन चरखा आला. १९२९ मध्ये तर उत्तम चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले होते. अटी इतक्या कडक की ते कुणालाच मिळाले नाही. पुढे तमिळनाडूच्या एकंबरनाथांनी अनेक चात्यांचा चरखा बनवला. त्यांच्याच नावावरून तो अंबर चरखा झाला. दिव्याचेही तसेच. रॉकेल विकत आणण्यापेक्षा गावातल्या तेलबियांवर दिवा जळावा म्हणून संघाने मगनदीप तयार केला होता.

हे सारे मी नातवाला समजावून सांगत होतो आणि अचानक थांबलो. समोर पिंजण होती.

आमचे घराणे पिंजाऱ्यांचे. शेतातल्या कापसातून सरकी काढली की जी रुई उरते, ती दबलेली, गुंतलेली असते. पिंजणीची ताणलेली तात त्या रुईत धरायची आणि तिच्यावर लाकडी दस्त्याने ठोका द्यायचा. तात थरथरते, तंतू सुटे होऊन उडतात, कचरा खाली बसतो. अशा मोकळ्या रुईचे पेळू वळायचे आणि मग चरख्याची पाळी. पिंजण नीट झाली नाही तर सूत पदोपदी तुटते. चरख्याचे नाव सर्वतोमुखी झाले. पिंजणीचे कुणी फारसे घेत नाही.

अब्बा थंडीच्या तोंडावर गाद्या, रजया पिंजायला गावोगाव जात. खांद्यावरच्या पिंजणीची तात छेडली की 'टुंई टुंई' असा आवाज होई. तीच त्यांची हाळी. एकदा तो आवाज माझ्या शाळेच्या फाटकापाशी आला. पोरे हसली. मी बाकावर मान खाली घालून बसलो आणि तो माणूस माझा कुणी नाही, असे दाखवले. संध्याकाळी अब्बांनी विचारले, "आज शाळेत नव्हतास का?" मी "नव्हतो" म्हणालो. त्यांनी पुढे काही विचारले नाही. त्यांच्या भुवयांवर कापूस होता.

अब्बा गेल्यावर त्यांची पिंजण माळ्यावर पडून तुटली. ती चुलीत गेली.

आमच्या नालवाडीत १९३० नंतरच्या दशकात विनोबा राहिले. इथेच चर्मालय निघाले आणि आपसूक मेलेल्या जनावरांचे चामडे कमावण्याचे काम प्रतिष्ठेने सुरू झाले. हलके मानलेले काम शहाण्या माणसांनी इथे हातात घेतले होते. त्याच मातीत वाढून मला बापाच्या कामाची लाज वाटली.

एवढे मात्र कळते की संग्रहालय वस्तू जपते, पण ती धरणारा हात जपता येत नाही. त्याबरोबर शब्दही जातात. पेळू, चाती, सरकी, तात हे शब्द नातवाला परके होते. त्यातही गंमत बघा. पिंजण मराठी, दस्ता फारसीतून आलेला. एकाच हत्यारात दोन भाषा नांदत होत्या आणि ठोका पडला की त्यांचा एकच आवाज निघे.

"दादा, हे वाजतं कसं?" नातवाने विचारले.

मी तोंडाने 'टुंई टुंई' असा आवाज काढला. दालनातली माणसे वळून पाहू लागली. या वेळी मी मान खाली घातली नाही.

तुमच्याही माळ्यावर एखादे जाते, पाटा, रहाट पडून असेल. ते चुलीत जाण्याआधी घरातल्या मुलाला त्याचे नाव सांगा आणि ते कोण वापरत होते, तेही सांगा.