‘कॅम्प’ : शब्द एक, पत्ते अनेक

आजच्या भागाचा शब्द आहे कॅम्प. शब्द इंग्रजी, पण आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात तो इतका मुरलाय की कुणाला परका वाटतच नाही.

अंबरनाथ-बदलापूरच्या घरात ‘जरा कॅम्पात जाऊन येते’ असं ऐकू आलं, तर तंबूबिंबू डोळ्यांसमोर आणू नका. बाई उल्हासनगरला कापड नाहीतर फर्निचर बघायला निघाल्यात. पण तिथे रिक्षावाल्याला नुसतं ‘कॅम्प’ म्हणालात, तर तो विचारणार, ‘कितवा?’ कारण कॅम्प आहेत पाच. चार-पाच नंबरला विठ्ठलवाडी स्टेशन सोयीचं, एक नंबरला शहाड. नंबर विसरलात तर स्टेशनपासूनच घोळ.

हा अर्थ आला कुठून? दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा ट्रान्झिट कॅम्प होता. युद्ध संपलं, बराकी राहिल्या. 1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सरकारनं तिथेच आसरा दिला. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं, उल्हास नदीवरून. पुढे कागदावर ‘उल्हासनगर-1’ ते ‘उल्हासनगर-5’ आलं, पिनकोडही 421001 ते 421005. पण लोकांच्या तोंडी कॅम्पच राहिला. पत्त्यात ‘बॅरेक नंबर’ अजूनही सापडतो.

आता गंमत बघा. लॅटिनमध्ये ‘कॅम्पस’ म्हणजे मोकळं मैदान. कॉलेजचा कॅम्पस आणि आपला कॅम्प एकाच मुळाचे. इंग्रजीत कॅम्प म्हणजे मुख्यतः तात्पुरता मुक्काम. आपल्याकडे तोच शब्द पिढ्यान्‌पिढ्यांचा कायमचा पत्ता झाला! पुण्याचा कॅम्प, देवळाली कॅम्प, मालेगाव कॅम्प, सगळीकडे हेच.

मराठीनं मात्र ही कामं वाटून दिलीत. सैन्याची छावणी किंवा तळ, दुष्काळात गुरांची छावणी, आणि रक्तदानाचं शिबिर. रक्तदानाची छावणी होत नाही, गुरांचं शिबिर भरत नाही. कॅम्प हा शब्द यातल्या बहुतेक ठिकाणी चालतो.

मग ऐकणाऱ्याला नेमका अर्थ कळतो कसा? माझ्या मते, मागेपुढे आलेल्या शब्दांवरून. सोसायटीत डोळे तपासायचा किंवा आधारचा कॅम्प ‘लागतो’. ट्रेकवाले कॅम्प ‘टाकतात’. मुलं एनएसएसच्या कॅम्पला ‘जातात’. आणि माणसं कॅम्पात ‘राहतात’. तो ‘-आत’ प्रत्ययही बघा. डोळे तपासायला आपण ‘कॅम्पला’ जातो. ‘कॅम्पात’ म्हटलं की बहुतेक वेळा तो गावाचा भाग असतो, जसं ‘गावात’, ‘पेठेत’. प्रत्यय लागला आणि शब्द इथला रहिवासी झाला.

एक गोष्ट मात्र जपायला हवी. आपल्यासाठी ‘कॅम्प चार’ हा नुसता पत्ता. पण जी पिढी घरदार सोडून त्या बराकींत उतरली, तिच्यासाठी कॅम्प म्हणजे निर्वासितपण, आणि तिथून स्वतःच्या हिमतीवर उभं राहणंही. म्हणून कुणाला ‘कॅम्पवाला’ म्हणताना सूर सांभाळा. त्याच शब्दात पत्ता असतो, टोमणा असतो आणि अभिमानही. अर्थ ठरवतो तो बोलणाऱ्याचा सूर.

तुमच्या भागात कॅम्प कुठकुठल्या अर्थानं वापरतात? जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात, नव्या शब्दासह!