शिबिरातला गटप्रमुख

दवनीवाडा गोंदिया तालुक्यातलं, धानपट्ट्यातलं गाव. अशा गावांत मे महिना म्हणजे शाळा बंद आणि नववी-दहावीची पोरं मोकळी. काही घरं तेंदूपत्त्याला जातात, बाकीच्या पोरांचा दिवस मोबाईलवर जातो. विदर्भात याच दिवसांत गावोगाव श्रीगुरुदेव सेवा मंडळाची सुसंस्कार शिबिरं भरतात. नेतृत्व घडवण्याची इतकी स्वस्त आणि इतकी टिकलेली रीत मला दुसरी दिसलेली नाही.

हे मंडळ ज्यांनी उभं केलं ते तुकडोजी महाराज मूळचे अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. त्यांच्या खंजेरी भजनांनी माणसं नुसती डोलली नाहीत, उठली. १६ ऑगस्ट १९४२ चा चिमूरचा इंग्रजांविरुद्धचा उठाव त्याची साक्ष आहे, आणि त्यात कोवळी पोरंही होती. पुढे १९५५ साली त्यांचा ग्रामगीता हा ग्रंथ आला. तिच्या ४१ अध्यायांत संघटन, ग्रामरक्षण, जीवन शिक्षण, महिलोन्नती हे सारे विषय आहेत. पुढारी मुंबई-नागपुराहून येणार नाही, तो गावातच घडवावा लागेल, हा त्या ग्रंथाचा मला लागलेला अर्थ.

शिबिरात हे घडतं कसं? पहाटे सामुदायिक ध्यान, मग रामधून म्हणत गावातून फेरी आणि हातात झाडू. नंतर योगासनं, लाठीकाठी, लेझीम, बौद्धिक, भजन. दिवे लागले की प्रार्थना. पोरांचे गट पडतात आणि प्रत्येक गटाला प्रमुख असतो. झोपेतून उठवणं, पंगतीत कोणी उपाशी राहिलं का ते बघणं, रुसलेल्याला समजावणं ही त्याची कामं. कालपर्यंत आईने दहा हाका मारल्यावर उठणारा मुलगा आज दुसऱ्यांना उठवतो. माझ्या मते सगळं मर्म इथे आहे. भाषणांनी पोरगं पुढारी होत नाही. त्याच्यावर कुणीतरी अवलंबून असावं लागतं.

खंजेरीचंच बघा. लाकडाचं लहानसं कडं, एका बाजूला ताणलेलं चामडं, कडेला झांजा. डाव्या हातात धरायची, उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायची. ठेका एकाने धरला की बाकीचे त्याच्या मागे जातात आणि तो चुकला की सगळी मंडळी चुकते. चौदा वर्षांच्या पोराला चारचौघांसमोर बसून हा भार पेलावा लागतो. इथल्या झाडीपट्टीतल्या पोराला हे नवखं वाटत नाही, कारण मंडईच्या जत्रेत दंडारीचं लोकनाट्य बघत, ठेका ऐकतच तो वाढलेला असतो. प्रार्थनेची बैठकही अशीच शिकवते. पुढे मूर्ती नाही, नुसतं अधिष्ठान. सरळ रांगा, शिस्त, आणि कुठल्याही जातीधर्माच्या माणसाला जागा.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगावीशी वाटते. मुली शिबिरात येतात, लाठीही फिरवतात. पण शिबिर संपल्यावर त्यांना घरकामात अडकवलं जातं आणि गटप्रमुखपण तिथेच संपतं. मुलांचंही फार वेगळं नाही. जून लागला की धानाची पऱ्हं, मग शाळा आणि रोवणी. वर्षभर कुणी त्यांना विचारत नाही.

हे गावालाच बदलता येईल. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातला १० टक्के पैसा महिला व बालकल्याणावर खर्च करावा लागतो. दवनीवाड्याच्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या सरपंचांना माझी विनंती आहे: त्यातला थोडा या पोरांसाठी ठेवा, आणि पुढच्या ग्रामसभेत पाणी, रस्ता, शौचालय यांपैकी एक विषय मांडायला गावातल्या एखाद्या शाळकरी मुलीला उभं करा.