फुगवलेल्या ट्यूबवरून तळ्यातील मासेमारी

सातारा जिल्ह्यातील माण-खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत, कवठे महांकाळ हा भाग पावसाच्या तुटीचा म्हणून ओळखला जातो. उपसा योजनांनी या परिस्थितीत पालट घडविला आहे. टेंभू आणि म्हैसाळ योजनांनी कृष्णेचे पाणी सांगलीच्या पूर्व भागात पोहोचविले, तर उरमोडीचे पाणी माण-खटावात आले. जेथे तलावात पाणी टिकते, तेथे कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडून शेतीला जोड उत्पन्न मिळविता येते. परंतु वाढलेला मासा काढावयाचा तर खोल पाण्यात जाळे लावले पाहिजे, आणि लहान तलावासाठी होडी घेणे एकट्यादुकट्यास परवडत नाही. म्हणून अनेक जण मालमोटारीच्या चाकातील जुनी ट्यूब फुगवून तिच्यावर बसून जाळे लावतात.

ही युक्ती आपल्याकडे अगदीच नवी नव्हे. पोहणे शिकताना पाठीस वाळका भोपळा बांधण्याची रीत सर्वांस ठाऊक आहे. कृष्णाकाठी गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून माणसे नदी पार करीत. पण भोपळा फुटला तर तो डोळ्यांस दिसतो. ट्यूबमधील हवा मात्र नकळत जाते.

ट्यूब किती भार सोसते, याचा हिशेब प्रत्येकाने समजून घ्यावा. फुगल्यावर नळीची जाडी २५ सेंटिमीटर आणि कड्याचा मधला व्यास ८० सेंटिमीटर असेल, तर तिच्यात सुमारे १२० लिटर हवा मावते. म्हणजेच जवळजवळ १२० किलो भार पडला की ती पूर्ण बुडते. माणूस ६० किलोचा आणि भिजलेले जाळे व मासे २० किलोंचे धरले, तर एका ट्यूबचा दोन तृतीयांश आधार तेथेच संपतो. हवा थोडी कमी झाली किंवा वारा उठला की धोका उभा राहतो. यासाठी एका माणसास दोन ट्यूब घ्याव्यात. एक निकामी झाली तरी दुसरीला धरून काठ गाठता येतो.

दोन्ही ट्यूब शेजारी ठेवून त्यांवर बांबूची चौकट बांधावी. बांबूची टोके व पेरे घासून गुळगुळीत करावीत आणि त्यांवर गोणपाट गुंडाळावे. बारीक दोरी रबरात रुतते, म्हणून रुंद पट्टी वापरावी. हवा भरण्याच्या तोटीस कापड गुंडाळावे. मध्ये बाजेप्रमाणे दोरी विणून बैठक करावी. ट्यूबच्या भोकात पाय अडकवून बसू नये. ती उलटली तर पाय सुटत नाहीत. उन्हात हवा प्रसरण पावते, म्हणून फुगवलेली ट्यूब काठावर उन्हात टाकू नये. पाण्यात उतरण्यापूर्वी ती बुडवून बुडबुडे येतात का, हे रोज पाहावे.

पाण्यात एकट्याने जाऊ नये. काठावर एक तरी माणूस असावा. ज्यास पोहता येत नाही त्याने ट्यूबच्या भरवशावर खोल पाण्यात जाऊ नये. अंगात जीवरक्षक जाकीट असावे. जाळे पायांत गुंतल्यास कापता यावे म्हणून लहान चाकू कमरेस बांधावा. पाण्याखाली बुडालेल्या बाभळीच्या काट्यांपासून, तसेच सांडवा व पाणी उपसण्याच्या जागेपासून दूर राहावे. वारा सुटताच काठ गाठावा. तलावाचा ठेका ज्या संस्थेकडे असेल तिची संमती घ्यावी, आणि लहान मासळी सापडेल असे बारीक आसाचे जाळे वापरू नये.

शेततळ्यांविषयी स्वतंत्रपणे सांगणे अवश्य आहे. प्लास्टिकच्या अस्तराचे उतार इतके निसरडे असतात की चांगला पोहणाराही त्यांवरून वर येऊ शकत नाही. म्हणून चारही बाजूंस गाठी मारलेला दोर काठावरील पक्क्या खुंटास बांधून पाण्यात सोडावा. शिवाय लांब दोर बांधलेली एक फुगवलेली ट्यूब सावलीत, पण हाताशी, सदैव तयार ठेवावी. कोणी पाण्यात पडल्यास त्याच्यामागे उडी घेण्यापूर्वी ती ट्यूब त्याच्याकडे फेकावी व दोराने त्यास ओढून घ्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या गोष्टी केवळ सांगून थांबू नये. बोटुकली सोडण्याच्या वेळी शेतकरी तळ्याकाठी जमतातच. त्याच वेळी दोन ट्यूबांची चौकट बांधून दाखवावी आणि दोर फेकण्याचा सराव प्रत्येकाकडून, घरातील स्त्रिया व मोठ्या मुलांकडूनही, करून घ्यावा. मासळी आज हाती आली नाही तर उद्या येईल; तिच्यासाठी गेलेला माणूस मात्र सुखरूप घरी परतला पाहिजे.