इफिसस : समुद्र दुरावलेले बंदर

तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरील कुशादासी बंदरात पर्यटकांची जहाजे थांबतात. तेथून सुमारे २० किलोमीटरवरील इफिसस या प्राचीन नगराचे अवशेष पाहण्यास प्रवासी मोटारीने जातात. सेल्ससच्या ग्रंथालयाची दुमजली दर्शनी भिंत आणि सुमारे २५,००० प्रेक्षक सामावणारे नाट्यगृह ही येथील प्रमुख आकर्षणे होत. या स्थळास २०१५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा देण्यात आला.

नाट्यगृहापासून निघणारा प्रशस्त राजमार्ग पूर्वी थेट धक्क्यावर पोहोचत असे. आज तो दलदलीपाशी संपतो. समुद्र कित्येक किलोमीटर दूर गेला आहे. नदीने वाहून आणलेला गाळ हे त्याचे कारण होय. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात पर्गमॉनचा राजा दुसरा अटॅलस याने बांध घालून बंदराचे मुख अरुंद केले. पाणी खोल राहील, ही त्यामागील अपेक्षा. परंतु गाळ उलट आतच साचू लागला, असे भूगोलकार स्ट्रॅबोने नमूद केले आहे. पुढे सम्राट हेड्रियनच्या काळात गाळ उपसण्यात आला, तरीही बंदर टिकले नाही आणि नगराचे वैभव ओसरले.

माती उगमाकडेच न रोखल्यास मुखाशी केलेले उपाय अपुरे पडतात, हाच या अवशेषांचा बोध होय.