विद्युत् गिटार : लाकडाचा ध्वनीवरील परिणाम

पोलादी तारांच्या कंपनांचे विद्युत् संकेतात रूपांतर करून तो विवर्धकामार्फत ध्वनिक्षेपकावर ऐकविणाऱ्या गिटारीस विद्युत् गिटार म्हणतात. तिच्या भरीव धडासाठी व दांडीसाठी निरनिराळी लाकडे वापरतात आणि प्रत्येक लाकडाचा स्वतःचा असा नाद असतो, अशी वादकांची व कारागिरांची दृढ समजूत आहे. मॅपलचा आवाज तेजस्वी, महॉगनीचा भरदार, ॲल्डरचा समतोल ही विशेषणे विक्रेत्यांच्या सूचिपत्रांतून रूढ झाली असून वाद्याच्या किमतीतही त्यांचे प्रतिबिंब पडते. या समजुतीत तथ्य किती, हे ठरविण्यासाठी वाद्याचे कार्य प्रथम पाहिले पाहिजे.

साध्या गिटारीत तारेचे कंपन घोडीवाटे वरच्या पातळ फळीत जाते. ती फळी व पेटीतील हवा कंप पावून ध्वनी निर्माण करतात. सतार व तंबोरा यांत तबली हेच काम करते. नुसत्या तारेचा आवाज अगदी क्षीण असल्याने अशा वाद्यात ऐकू येतो तो मुख्यतः लाकडाचाच. विद्युत् गिटारीत मात्र तारांखाली पिकअप बसविलेला असतो. चिरचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले हे वेटोळे होय. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते व वेटोळ्यात प्रवर्तनाने विद्युत् दाब उत्पन्न होतो. पिकअपला हवेतील ध्वनी जवळजवळ कळत नाही. त्याला जाणवते ते तारेचे हलणे. म्हणून लाकडाचा जो काही परिणाम व्हावयाचा, तो प्रामुख्याने तारेच्या कंपनात बदल घडवूनच होऊ शकतो.

या वाद्याचा इतिहासही लाकडाच्या महतीस फारसा अनुकूल नाही. १९३२ मध्ये बाजारात आलेली रिकनबॅकर कंपनीची ‘फ्राइंग पॅन’ ही विद्युत् गिटार ओतीव ॲल्युमिनियमची होती. लेस पॉल या अमेरिकन वादकाने १९४० च्या सुमारास पाइनच्या सु. १० सेंमी. जाडीच्या चौकोनी ठोकळ्यावर तारा व पिकअप बसविले. वाद्य गिटारीसारखे दिसावे एवढ्याचसाठी दोन्ही बाजूंना गिटारीच्या पेटीचे अर्धे भाग जोडले. लिओ फेंडर यांनी १९५० मध्ये आणलेल्या गिटारीचे धड ॲशचे व दांडी मॅपलची होती. १९५६ च्या सुमारास ॲशऐवजी बहुतांशी ॲल्डर वापरात आले, कारण ते सहज मिळे व त्यावर रंगकाम सोपे जाई. गिब्सन कंपनीने १९५२ मध्ये लेस पॉल यांच्या नावाची गिटार काढली. तिचे धड महॉगनीचे असून वर मॅपलचा थर होता. आज अभिजात मानल्या जाणाऱ्या या निवडींत कानाइतकाच सुतारकामाचा व बाजारभावाचाही वाटा होता.

तथापि लाकडाचा परिणाम शून्य आहे, असे म्हणता येत नाही. तारेची दोन्ही टोके पूर्णपणे अचल असती, तर तिची ऊर्जा केवळ हवेच्या विरोधामुळे व तारेतील अंतर्गत घर्षणामुळे कमी झाली असती. प्रत्यक्षात दांडी व धड ही दोन्ही किंचित लवतात. एखाद्या स्वराची कंप्रता दांडीच्या नैसर्गिक कंप्रतेशी जुळली, तर तारेतील ऊर्जा झपाट्याने दांडीत शोषली जाते व तो स्वर शेजारच्या स्वरांच्या मानाने लवकर विरतो. अशा जागांना वादक ‘मृत स्थाने’ म्हणतात. जर्मनीतील हेल्मूट फ्लायशर व टिलमान त्स्विकर यांनी १९९८ च्या सुमारास केलेल्या मापनांवरून ही ऊर्जा घोडीपेक्षा दांडीच्या बाजूने अधिक निसटते, असे दिसून आले. अर्थात धडाच्या लाकडाची चर्चा सर्वांत अधिक होत असली, तरी दांडीचा ताठपणा, जाडी व तिचा धडाशी असलेला सांधा यांकडे लक्ष देणे अधिक सयुक्तिक ठरते.

लाकडाचे जातीवरून वर्गीकरण करण्यातही एक अडचण आहे. दर घन मीटरला ॲल्डरचे वजन सु. ४५० किग्रॅ., महॉगनीचे ५५० ते ६००, कठीण मॅपलचे सु. ७०० आणि भारतीय शिसवीचे ८०० किग्रॅ. हून अधिक भरते; परंतु एकाच जातीच्या दोन फळ्यांत घनता, स्थितिस्थापकता व संदमन यांत मोठा फरक पडू शकतो.

उलट, पिकअप घोडीपासून जरा दूर सरकविला, तरी आवाज सहज ओळखू येईल इतका पालटतो. ज्या प्रगुणाचा निस्पंद बिंदू पिकअपवर येतो, तो प्रगुण संकेतातून जवळजवळ नाहीसा होतो. वेटोळे व जोडतार यांचे अनुस्पंदन सामान्यतः २,००० ते ५,००० हर्ट्‌झ या पट्ट्यात येते आणि स्वराचा तेजस्वीपणा बराचसा त्यावर अवलंबून असतो. जर्मन संशोधक मान्फ्रेट त्सोल्नर यांनी याच कारणांस्तव लाकडाचा वाटा नगण्य मानला आहे. पोलंडमधील क्राकूव्ह येथील संशोधकांनी २०२१ मध्ये इतर सर्व घटक स्थिर ठेवून निरनिराळी लाकडे तपासली, तेव्हा त्यांना कानास जाणवू शकतील असे फरक आढळले. दोन्ही निष्कर्षांत वाटतो तितका विरोध नाही. स्थिर मांडणीत मोजता येणारा फरक विवर्धकाची एक कळ फिरविताच झाकला जाऊ शकतो.

हा वाद केवळ कानापुरता राहिलेला नाही. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून दुर्मिळ होत चाललेल्या ब्राझिली शिसवीची जागा सह्याद्रीच्या रांगांतही वाढणारी भारतीय शिसवी घेऊ लागली. संकटग्रस्त वन्य जातींच्या व्यापारासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय करारान्वये (साइटीस) १९९२ मध्ये ब्राझिली शिसवीच्या व्यापारावर कडक बंदी आली. २०१७ च्या आरंभी शिसवीच्या संपूर्ण प्रजातीचा (डालबर्जियाचा) व्यापार नियंत्रणाखाली आला. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, ब्राझिली शिसवी मात्र तीतून वगळलेली आहे. ॲशवर वेगळेच संकट आले. उत्तर अमेरिकेत २००२ मध्ये प्रथम आढळलेल्या एका हिरव्या भुंगेऱ्याने कोट्यवधी वृक्ष मारले आणि २०२० मध्ये फेंडर कंपनीने आपल्या बहुतेक नियमित नमुन्यांतून ॲश वगळण्याचे जाहीर केले. काही कारखाने आता अंगुलिपट्टासाठी कागद व रेझीन यांच्या दाबून केलेल्या फळ्या, तर दांडीसाठी भट्टीत भाजलेले मॅपल वापरतात.